महानदीचा एकटा वाटसरू आणि त्याचे ओझे

मराठी भाषेत ओझ्याला जितकी नावे आहेत, तितके ओझे वाहण्याची हौस मराठी माणसास पूर्वी खचितच नव्हती. बोचके, लटांबर, चंबूगबाळे, बाडबिस्तरा ही सारी नावे थोड्याफार हेटाळणीनेच उच्चारली जातात. घोड्याच्या खोगिरात कोंबावयाच्या चिंध्याचोथ्यांवरून निरुपयोगी वस्तूंच्या गर्दीस खोगीरभरती म्हणण्याचा प्रघात पडला. लष्करामागून रखडत येणाऱ्या बाजारबुणग्यांनी पानिपतावर काय अनर्थ ओढवला, हे तर शाळकरी मुलांसही ठाऊक असते. याउलट शिदोरी, बटवा, पडशी, फिरकीचा तांब्या हे शब्द पाहावेत. त्यांत आपुलकी आहे, घरच्या माणसाचा हात आहे. कोणते ओझे सोबत घ्यावे आणि कोणते उंबऱ्याच्या आत ठेवावे, याचा निवाडा भाषेनेच करून ठेवलेला दिसतो.

हा निवाडा जेथे रोजच्या रोज कसास लागत असे, अशी एक वाट नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होती. अटकेपार गेलेल्या झेंड्यांचे गुणगान पुष्कळ झाले. परंतु ‘अटकेपासून कटकापर्यंत’ या शब्दप्रयोगाचे दुसरे टोक तेवढ्या कुतूहलाने कोणी पाहिले नाही. १७४१ साली रघुजी भोसल्यांचे दिवाण भास्करराम कोल्हटकर छत्तीसगडातून पूर्वेकडे गेले आणि रतनपूरच्या हैहयवंशी राज्याने मराठ्यांपुढे मान तुकविली. १७५१ साली अलिवर्दीखानाशी तह होऊन ओरिसा भोसल्यांच्या हाती आला. तेव्हापासून १८०३ पर्यंत, म्हणजे अर्धशतकाहून थोडा अधिक काळ, नागपूरहून निघालेल्या माणसास रायपूर मागे टाकून महानदीच्या काठाकाठाने थेट कटकापर्यंत आणि पुढे जगन्नाथाच्या दारापर्यंत बहुतांशी एकाच सत्तेच्या छायेतून जाता येत असे. वाटेत मांडलिक राजे होते, घनदाट अरण्ये होती, पट्टेदार वाघ होते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पाणी होते.

रायपूर हे शहर स्वतः महानदीवर वसलेले नाही. त्याच्या पश्चिमेस खारून नदी वाहते. तिच्या तीरावरील महादेव घाटावर हाटकेश्वराचे देऊळ आहे. खारून उत्तरेकडे जाऊन शिवनाथेस मिळते, शिवनाथ शिवरीनारायणाच्या अलीकडे महानदीस मिळते, आणि महानदी मग पूर्वेकडे वळून संबलपूर, सोनपूर, बौध असे करीत, सातकोसियाच्या घळीतून वाट काढून कटकास पोहोचते. भर पावसाळ्यानंतर महादेव घाटावरून पाण्यात सोडलेली वस्तू, कोठे अडकली नाही तर, बंगालच्या उपसागरापर्यंत जाऊ शकते. दुसरी वाट पूर्वेकडची. सिहाव्याच्या डोंगरात उगम पावलेली महानदी राजीमला पैरी आणि सोंढूर यांचे पाणी पोटात घेते आणि आरंग, सिरपूर यांच्या जवळून पुढे जाते. समुद्राकडून येणाऱ्या नावा आरंगापर्यंत वर चढू शकत, असे इंग्रजी अमदानीतील गॅझेटिअरे सांगतात. सिरपूर ही तर दक्षिण कोसलाची राजधानी. १९५३ ते १९५६ या काळात डॉ. मोरेश्वर गंगाधर दीक्षित या मराठी संशोधकाने तेथील विहार उकरून काढले, आणि महाशिवगुप्त बालार्जुनाच्या काळी या नदीकाठी केवढे नगर नांदत होते ते जगास दिसले. एवढे नगर नदीचा आधार घेतल्यावाचून उभे राहिले असेल, हे संभवत नाही.

या नदीवर दोन प्रकारची वाहने चालत. मालाच्या मोठ्या नावा किनाऱ्याकडचे मीठ घेऊन वर येत. छत्तीसगडास समुद्र नाही, आणि मिठावाचून भाताचा घास उतरत नाही. तेव्हा या नावांचे मोल सांगावयास नको. दुसरे वाहन म्हणजे डोंगा. एकाच झाडाचे खोड आतून कोरून केलेली ही अरुंद, लांबोडकी होडी केवट आणि ढीमर लोकांच्या हाती असे. एकट्या माणसाने एका वल्ह्यावर किंवा बांबूवर न्यावयाची ती वस्तू. तिला शीड नाही, छप्पर नाही, सामान ठेवावयास कप्पा नाही. वल्हविणाऱ्याच्या गुडघ्यांपुढे आणि पाठीमागे जेवढी जागा उरेल, तेवढाच त्याचा संसार.

या वाटेने गेलेल्यांपैकी ज्यांची नावे आज आपणांस ठाऊक आहेत, ते बहुतेक सारे जड सामानाचे प्रवासी होते. १७६६ साली क्लाइव्हने टॉमस मॉट या गृहस्थास संबलपुरास पाठविले. हिऱ्यांचा व्यापार हाती येतो का हे त्याने पाहावयाचे होते. कटकाहून महानदीच्या काठाने तो वर गेला, आणि हिऱ्यांपेक्षा राजकारणाचा चिखलच त्याच्या वाट्यास अधिक आला. त्यानंतर बारा वर्षांनी, १७७८ च्या पावसाळ्यात, वॉरन हेस्टिंग्जने अलेक्झांडर एलियट नावाच्या तरुण अधिकाऱ्यास नागपुरास मुधोजी भोसल्यांच्या दरबारी वकील म्हणून रवाना केले. पुढे गव्हर्नर जनरल झालेल्या लॉर्ड मिंटोचा हा धाकटा भाऊ. वकिलातीचा थाट म्हटला की तंबू आले, नजराणे आले, चाकरमाणसे आली, आणि त्या साऱ्यांच्या चालीने चालणे आले. निघण्याची घाई होती. म्हणून ऋतू पाहिला गेला नाही. सारंगगढच्या परिसरात तापाने त्याला गाठले, आणि १२ सप्टेंबर १७७८ रोजी, ऐन विशीत, तो तेथेच मरण पावला. हेस्टिंग्जने त्याच्या स्मरणार्थ थडगे बांधविले. नागपूर गाठणे त्याच्या नशिबी नव्हते.

एलियटजवळ कशाची उणीव होती? औषधांची नसावी, अन्नाची तर नव्हतीच. उणीव होती ती हिवाळ्याची. महानदीच्या खोऱ्यात भाद्रपदात प्रवास करणाऱ्यास कितीही सामान पुरे पडत नाही, आणि मार्गशीर्षात करणाऱ्यास फारच थोडे लागते. तंबू नको, कारण पाऊस नाही. मच्छरांचा त्रास कमी. नदी वाहती असते पण माजलेली नसते, आणि पाणी ओसरून उघडी पडलेली वाळूची बेटे निजावयास कोरडी मिळतात. वर्षातले योग्य दोन-तीन महिने निवडले, की अर्धे सामान घरीच राहते, हे काठावरच्या केवटास सांगावे लागत नसे. कलकत्त्याच्या कचेरीस ते सांगणारा कोणी नव्हता, किंवा असला तरी त्याचे ऐकले गेले नाही.

याच वाटेवर १७९० साली आलेला एक प्रवासी मात्र विलक्षण म्हणावा लागेल. जॉर्ज फॉर्स्टर हा कंपनीचा नोकर १७८२ साली बंगालहून निघून काश्मीर, काबूल, कंदाहार, हेरात, कास्पियन समुद्र आणि रशिया या खुष्कीच्या मार्गाने १७८४ साली इंग्लंडास पोहोचला होता. तोही वेष पालटून, मुसलमान व्यापाऱ्याच्या रूपात. काबूलपलीकडचा काही प्रवास तर त्याने उंटाच्या पाठीवरील कजाव्यात दाटीवाटीने बसून केला. जो माणूस अशा रीतीने अर्धे जग एकट्याने ओलांडून गेला, त्याला पुढे कॉर्नवॉलिसने नागपूर दरबाराकडे धाडले, तेव्हा सरकारी वकिलातीचा सारा लवाजमा त्याच्या गळ्यात पडला. त्याच्या सोबत असलेल्या लेकीने या प्रवासाची दैनंदिनी ठेवली असून तीत रायपूर हे व्यापाऱ्यांचे आणि सधन लोकांचे मोठे गाव असल्याचे नमूद आहे. फॉर्स्टर १७९१ साली नागपुरासच वारला. अफगाणिस्तानच्या घाटांनी ज्याचे काही वाकडे केले नाही, त्याची अखेर मराठ्यांच्या शांत राजधानीत व्हावी, हा योगायोग विचार करावयास लावतो. त्यातून सिद्धान्त काढणे अर्थात धाडसाचे होईल.

१७९५ साली कॅप्टन ब्लंट हा भूमापक चुनारगडाहून निघून रतनपूर आणि रायपूर पाहून कांकेरपर्यंत गेला. त्या वेळी रतनपुरास विठ्ठलराव दिनकर सुभेदार होते. परगण्यांची घडी बसविणारा अधिकारी म्हणून छत्तीसगडच्या इतिहासात त्यांचे नाव राहिले आहे. ब्लंटबरोबर शिपाई होते, मोजणीची यंत्रे होती. बस्तरातून थेट दक्षिणेस जाण्याचा बेत त्याला सोडावा लागला. वळसा घालून गोदावरीच्या बाजूस उतरताना गोंडांशी चकमकी झडल्या, आणि मग जीव वाचविण्यासाठी त्याला झपाझप मजला माराव्या लागल्या. अनोळखी माणसांचा एवढा तांडा आपल्या रानात कशासाठी शिरत आहे, हा प्रश्न त्या गोंडांना पडला असल्यास नवल नाही. घोंगडी आणि तांब्या घेऊन चाललेल्या एकट्या माणसाविषयी तसा संशय क्वचितच येतो.

आणि नेमका हाच एकटा माणूस कागदावर सापडत नाही. भोसल्यांच्या अमदानीत छत्तीसगडच्या वसुलीत टाकोळी, कलाली, पंढरी यांच्याबरोबर सायर नावाची बाब असे. सायर म्हणजे मालाच्या ये-जा करण्यावरील जकात. ती बैलांच्या गोण्यांवर बसे. गोणी असेल तर नोंद, नोंद असेल तर दप्तर, आणि दप्तर असेल तर इतिहास. ज्याच्या खांद्यावर पडशीवाचून काही नाही, त्याला नाक्यावर थांबविण्याचे कारण नव्हते. तो कारकुनाच्या डोळ्यांपुढून निघून जाई. राजीमच्या राजीवलोचनाचे दर्शन घेतल्यावाचून जगन्नाथाची यात्रा पुरी होत नाही, अशी या मुलखातील श्रद्धा आहे. त्या श्रद्धेने पिढ्यान्‌पिढ्या किती पावले या काठाने गेली असतील! त्यांचा मागोवा घ्यावयाचा तर वस्तूंवरूनच घ्यावा लागतो. सुदैवाने त्या वस्तू परवापरवापर्यंत घरोघरी होत्या, काही अजूनही आहेत.

पहिली वस्तू घोंगडी. कापसाची गोधडी मऊ असते हे खरे, पण भिजली की तिचे वजन दुपटीतिपटीने वाढते आणि ऊब नाहीशी होते. लोकर ओली झाली तरी अंगाला थोडीबहुत ऊब देत राहते. डोंग्यात पाणी उडणारच. तेव्हा पांघरूण निवडताना मऊपणापेक्षा हा गुण मोलाचा. तीच घोंगडी दिवसा बसावयास आसन, पाऊस आला तर डोक्यावर खोळ, रात्री अंथरूण आणि पांघरूण दोन्ही. एका वस्तूने चार कामे करावीत, हा हलक्या बिऱ्हाडाचा पहिला कायदा धनगराच्या खांद्यावर कित्येक शतके फिरत होता. छत्तीसगडचा गुराखी तिच्या जोडीस बांबूच्या कामट्यांची खुमरी डोक्यावर घाली. कोकणातल्या इरल्याची ती सख्खी बहीण.

दुसरी वस्तू पाण्याची. मराठी प्रवासी फिरकीचा तांब्या बाळगी. झाकण पिळून घट्ट बसते, सांडत नाही, आणि पितळ आगीवर ठेवता येते. छत्तीसगडात आणि बस्तरात मात्र तुमा असे. वाळलेला भोपळा आतून कोरून केलेला हा जलकुंभ तांब्याच्या मानाने पिसासारखा हलका, आणि पाणी त्यात गार राहते. तो चुलीवर चढविता येत नाही हा त्याचा दोष. पण डोंगा उलटला, तर तांब्या तळास जातो आणि रिकामा तुमा वर तरंगतो. नदीवरच्या माणसाने तुम्यास झुकते माप का दिले असेल, हे यावरून कळेल.

तिसरी गोष्ट शिदोरीची, आणि येथे गृहिणीची बुद्धी कामास येते. दुधात भिजविलेल्या पिठाची दशमी भाकरीपेक्षा अधिक दिवस टिकते. सातूचे पीठ, पोहे, मुरमुरे यांना चूल लागत नाही. आणि चूल लागत नाही म्हणजे भांडे लागत नाही, लाकूड शोधावे लागत नाही, अंधारात जाळ करून आपली जागा चोरास दाखवावी लागत नाही. तांदूळ जवळ असलाच तर रात्री शिजवून पाण्यात ठेवावा आणि सकाळी मीठ-कांद्याबरोबर बासी खावी. छत्तीसगडी शेतकऱ्याची ही न्याहारी एकट्या वाटसरूसही सोयीची, कारण एका जाळावर दोन वेळा भागतात. तांदळाच्या पिठाची अंगाकर रोटी तर पानात गुंडाळून निखाऱ्यावरच भाजली जाते; तिला तवा नको. जेवणास ताट नको, कारण पळस आणि साल ही झाडे जागोजाग उभी आहेत. चार पाने काडीने टाचली की पत्रावळ झाली, दोन टाचली की द्रोण. जेवण झाले की ती नदीकाठी सोडून द्यावयाची. जे अरण्य देते ते घरून न्यावयाचे नाही, हा या मुलखाचा रिवाज. मॉट आणि एलियट यांना तो माहीत नव्हता, कारण त्यांच्यासाठी टेबल मांडले जात होते.

चकमक, सुताची दोरी, लहानशी कोयती आणि बटव्यात सुंठ-हळकुंड एवढे घेतले की सामान संपले, असे वाटेल. पण एक ओझे राहिले, आणि आज ते कोणास सुचणार नाही. ते म्हणजे पैसा. चांदीचे शंभर रुपये सव्वा किलोच्या जवळपास भरत; कमरेच्या कशात ते बांधून वल्हे मारणे सुखाचे नव्हते, आणि पाण्यात पडल्यास जिवावरचे होते. सावकाराकडे भरणा करून हुंडी घेतली, तर तीच रक्कम कागदाच्या एका चिठोऱ्यावर येई. सबंध बिऱ्हाडात वजनाच्या मानाने एवढी किमती दुसरी वस्तू नव्हती. परंतु हुंडी वटते पेठेत. नदीच्या उतारावरील तरीवाला किंवा मुरमुरे विकणारी म्हातारी ती घेऊन काय करणार? त्यांना कवड्या द्याव्या लागत. ओरिसात तर कवडी हेच रोजचे चलन होते. १८०४ साली इंग्रजांनी तेथे रुपयास चार काहण, म्हणजे ५,१२० कवड्या, असा दर बांधून दिला. एक कवडी एक ग्रॅमहून थोडी अधिक भरते. म्हणजे एका रुपयाचे मोड घेतले की पाच-सहा किलोंचे पोते पाठीवर आले! घोंगडी, तांब्या आणि शिदोरी मिळून जेवढे होणार नाही, तेवढे हे एका रुपयाचे ओझे. म्हणून जाणता वाटसरू दोन-चार दिवस पुरतील एवढ्याच कवड्या जवळ ठेवी, आणि मोड घेण्याची जागा आधीच हेरून ठेवी. कवडीचुंबक हे विशेषण चिक्कू माणसास लावतात. पण महानदीवर कवड्यांस चिकटून राहणारा माणूस चिक्कू ठरण्याआधी दमून जात असे.

आता कोणी विचारील, होडीतून जावयाचे तर वजनाची एवढी चिंता कशास? पाणी काय वाहते ते वाहते. येथेच या नदीचा स्वभाव ध्यानात घ्यावा लागतो. पावसाळा संपला की महानदी पसरट आणि उथळ होते. मैल मैल वाळू आणि तिच्यामधून पाण्याच्या दोन-चार शिरा. डोंग्याचा पाण्यावर टेकणारा भाग दोन चौरस मीटर धरला, तर वीस किलो वजन वाढले की तो सेंटिमीटरभर अधिक खाली बसतो. हे गणित शाळेतल्या मुलास करता येईल. वीतभर पाण्यात सेंटिमीटर म्हणजे पुष्कळ. जड डोंगा वाळूस लागतो, मग उतरून तो ओढावा लागतो, आणि ओढणारा एकटाच असतो. दोघे असते तर एकाने ढकलावे, एकाने ओढावे. एकट्याने दोन्ही कामे आळीपाळीने करावयाची. म्हणजे येथे ओझ्याची मर्यादा खांद्याने ठरविलेली नव्हती, वाळूने ठरविलेली होती.

या मुद्द्याचे महत्त्व दुसऱ्या खंडाकडे पाहिल्यावर अधिक पटते. एकट्याने छोट्या होडीतून भटकण्यास युरोपात प्रतिष्ठा मिळवून दिली ती जॉन मॅकग्रेगर या स्कॉटिश वकिलाने. १८६५ साली त्याने ‘रॉब रॉय’ नावाच्या पंधरा फूट लांबीच्या होडीतून युरोपातील नद्या आणि सरोवरे पालथी घातली. तीन महिन्यांचे त्याचे सारे सामान एक फूट चौरस आणि सहा इंच खोलीच्या एका काळ्या पिशवीत मावत होते. त्याच्या पुस्तकाने इंग्लंडात अशा भटकंतीचे वेड पसरविले. पण हे सांगताना एक गोष्ट विसरता कामा नये: रात्री तो बहुधा खाणावळीत उतरे. पिशवी हलकी होती, कारण गादी आणि भोजन वाटेवर विकत मिळत होते. पुढे १८६८-६९ साली नाईल आणि जॉर्डन या नद्यांवर गेला, तेव्हा मात्र त्याने होडीतच निजण्याची सोय करून घेतली.

खरा हिशेबी माणूस अमेरिकेत निघाला. जॉर्ज वॉशिंग्टन सीअर्स हे त्याचे नाव. ‘नेसमुक’ या टोपणनावाने तो लिही. चणीने लहान, क्षयाने पोखरलेला आणि साठी उलटलेला. अ‍ॅडिराँडॅकच्या डोंगरात सरोवरांची माळ आहे, पण एका सरोवरातून दुसऱ्यात जावयाचे तर मधली जमीन होडी खांद्यावर घेऊन ओलांडावी लागते. धडधाकट वाटाडे ते करीत. या कृश माणसास ते शक्य नव्हते. त्याने रश्टन या कारागिराकडून होड्या करवून घेतल्या. त्यांतली १८८३ सालची होडी नऊ फूट लांब आणि अवघी साडेदहा पौंड, म्हणजे पाच किलोंच्या आत, वजनाची होती. डिकन्सच्या कादंबरीतील दारूत पाण्याचा थेंबही न घेणाऱ्या सुईणीवरून त्याने तिचे नाव ‘सेअरी गँप’ ठेवले: ही होडीही पाणी घेणार नाही, अशा आशेने. आशा फळली. १८८४ साली ‘वुडक्राफ्ट’ या पुस्तकात त्याने आपल्या प्रवासाचा हिशेब मांडला. होडी, जादा कपडे, कांबळ्याची पिशवी, दोन दिवसांचा शिधा, खिशातील कुऱ्हाड आणि मासे धरण्याची काठी मिळून त्याचे ओझे सव्वीस पौंडांपलीकडे गेले नव्हते. सव्वीस पौंड म्हणजे बारा किलो.

नेसमुकचा हा हिशेब आज जगभरच्या हौशी भटक्यांस पाठ असतो. त्याचे श्रेय त्याला द्यावयास हवेच, कारण त्याने तो लिहून ठेवला आणि त्यामागची गरज हौशीची नव्हती, प्राणांची होती. तथापि महानदीचा केवट आणि अ‍ॅडिराँडॅकचा क्षयी म्हातारा यांची गाठोडी शेजारी शेजारी ठेवली, तर फरक होडीच्या वजनापुरताच उरतो. केवटाचा डोंगा माणसास उचलत नाही, कारण त्याला तो उचलावयाचाच नसतो. बाकी कांबळे, कोयता, आगीचे साधन, कोरडा शिधा: तेच आणि तेवढेच. एकाने ते पुस्तकातून सांगितले, दुसऱ्याने मुलास डोंग्यात बसवून शिकविले.

एका बाबतीत मात्र आपला वाटसरू हिशेबास दाद देत नसे. वरसईच्या विष्णुभट गोडशांनी १८५७ च्या धामधुमीत उत्तर हिंदुस्थान पाहिला. लुटारूंनी त्यांना वारंवार नागविले, गाठीचा पैसा गेला. पण परतताना आईवडिलांच्या स्नानासाठी गंगेची कावड त्यांनी खांद्यावर घेतली आणि ती कोकणात पोहोचविली. त्यांचे हे प्रवासवर्णन १९०७ साली चिंतामणराव वैद्यांनी प्रसिद्ध केले. पाणी हे ओझ्यांतले सर्वांत आडमुठे ओझे. त्याची घडी होत नाही, ते दाबता येत नाही. तरीही ते वाहिले गेले. राजीमहून आणि पुरीहून परतणाऱ्यांच्या पडशीतही तीर्थ आणि महाप्रसाद यांना जागा असेच. त्यासाठी मुरमुरे कमी घेतले जात.

या वाटेचा शेवट तडकाफडकी झाला नाही. १८६३ साली रिचर्ड टेंपलने महानदी आणि तिच्या उपनद्यांवर एक अहवाल लिहून जलमार्ग सुधारण्याच्या योजनांचा ऊहापोह केला होता. म्हणजे तोपर्यंत सरकारलाही नदी हाच रस्ता वाटत होता. १८७७ साली कलकत्त्याचे वकील विश्वनाथ दत्त यांचे कुटुंब रायपुरास आले, तेव्हा रेल्वे संपल्यावर त्यांना पंधरवड्याहून अधिक काळ बैलगाडीत काढावा लागला. त्या गाडीत बसलेला किशोरवयीन नरेंद्र पुढे स्वामी विवेकानंद झाला. पाच वर्षांनी, १८८२ साली, नागपूरहून निघालेली अरुंद रुळांची रेल्वे राजनांदगावास पोहोचली. बंगाल नागपूर रेल्वेने ती घेऊन रूळ रुंद केले, आणि १८८८ साली रायपुरास आगगाडी आली. मीठ आता डब्यांतून येऊ लागले. मालाच्या नावा एकामागून एक काठास लागल्या.

आणि गंमत अशी की, प्रवास सोपा झाला तसे प्रवाशाचे सामान वाढले. ओझे वाहणारा आता माणूस नव्हता, बैल नव्हता, वाळूही अडवीत नव्हती; वाहत होते इंजिन. नागपूरहून बदलून आलेला कारकून रायपूरच्या फलाटावर उतरे तो पत्र्याची ट्रंक, वळकटी, सुरई, लोणच्याची बरणी आणि क्वचित पाटावरवंटा घेऊन. तात्यापाऱ्यातल्या मराठी बिऱ्हाडांत अशा कित्येक ट्रंका माळ्यावर चढल्या, त्या पुन्हा खाली उतरल्या नाहीत. रेल्वेने फुकट सामानाची मर्यादा घातली, तेव्हा कोठे प्रवासी पुन्हा वजनाचा विचार करू लागला. पण तो तराजूच्या भीतीने.

नदीचेही पुढे रूप पालटले. १९५७ साली संबलपूरजवळ हिराकूद धरणाचे उद्घाटन झाले आणि मॉट ज्या हिऱ्यांसाठी आला होता त्या बेटाच्या नावाचा जलाशय मैलोगणती पसरला. वरच्या अंगास धमतरीजवळ गंगरेलचे धरण झाले, कालव्यांनी भातशेती भिजू लागली, आणि उन्हाळ्यात राजीमच्या संगमावर लोक वाळूतून चालत कुलेश्वराच्या देवळाकडे जातात. महादेव घाटावर कार्तिकी पौर्णिमेस अजून मेळा भरतो. पहाटेच्या थंडीत खेड्यापाड्यांतली माणसे खारुनेत बुडी मारतात, काठावर बसून गाठोडे सोडतात आणि पानावर चिवडा घेऊन खातात.